सहा दिवस भिजलेली भिंत

मी लाकडाची भिंत बोलतेय. फळ्यांचे पाच आडवे-उभे थर चिकटवून, प्रचंड दाबाखाली घडवलेली. माझी झाडं इथलीच, स्वीडनच्या उत्तरेकडच्या ग्रानलीडन गावामागच्या रानातली. घडले मात्र दूर दक्षिणेच्या कारखान्यात. तिथं शिकले, की सिमेंटच्या भट्ट्या आभाळात जो धूर ओकतात, तो माझ्यामुळे थोडा तरी कमी होईल. झाडांनी हवेतून ओढून घेतलेला कार्बन मी शंभर वर्षं पोटात धरून ठेवीन.

वाटलं होतं, गावी परतल्यावर नव्या शाळेची भिंत होईन, मुलं मला टेकून बसतील. प्रत्यक्षात मला चिखलात आडवं टाकलं.

सप्टेंबरचा पहिला सोमवार होता. एल्क हरणांच्या शिकारीचा आठवडा! त्या आठवड्यात इथं कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. मुकादम एव्हर्टनं जाताना माझ्यावरची ताडपत्री ओढून घेतली. मारलेलं एल्क झाकायला हवी होती.

"भिजेल की रे ती," कुणीतरी म्हणालं.

"झाडं काय छत्री घेऊन उभी असतात?"

अरे, झाडाला साल असते! माझी तुम्हीच सोलून काढलीत ना? सहा दिवस पाऊस पडला. कापलेल्या कडांमधून पाणी आत शिरत राहिलं आणि मी संतापानं फुगत राहिले.

पुढच्या सोमवारी सगळे परतले. एव्हर्टनं माझ्यावर बूट आपटला. "बघ गं स्टीना, बोललो नव्हतो? लाकडाची कसली शाळा! काँक्रीट ओत नि मोकळी हो."

कामाची प्रमुख स्टीना वाकून माझा ओलावा मोजत होती. सोळा टक्के हवा, निघाला चोवीस.

"एव्हर्ट, सिमेंटची पोती कुठायत?"

"शेडमध्ये. बाहेर ठेवली तर दगड होईल ना त्यांचा!"

"म्हणजे सिमेंट झाकायची अक्कल होती तर."

त्यानं बूट माझ्यावरून खाली घेतला. पण ओलाव्याचा आकडा पालिकेत पोचला आणि दुपारी तिथून फोन आला: भिंत नापास करा, चुरा करून भट्टीत जाळा, काँक्रीट ओता. हरकत असेल तर सकाळपर्यंत कळवा.

माझ्यासारख्या किती भिंती आजवर कुणाच्या तरी हलगर्जीपणानं जळाल्या असतील आणि दोष लाकडाला लागला असेल! वाचणाऱ्यांनो, मला कौतुक नको. बांधकाम पुरं होईतो डोक्यावर आडोसा द्या, एवढंच.

आणि स्टीना? तीही बंदूक घेऊन शिकारीला गेली होतीच. तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हवा खेळावी म्हणून माझ्याखाली लाकडी पट्ट्या सारल्या, वर तंबू ठोकायला लावला आणि पालिकेला फोन केला. "भिंत सावकाश वाळवून पुन्हा तपासणार. शाळा महिनाभर उशिरा उघडेल. आणि कारणाच्या रकान्यात लाकूड लिहू नका, माझं नाव लिहा."