आतून कडी

थेरपीबाईंच्या दोन गोष्टी नंदाबाईला पहिल्या दिवसापासून खटकल्या होत्या. एक म्हणजे त्या मुलांच्या आयांना खोलीबाहेर बसवत. आणि दुसरी, मुलं आत हसत.

कोयनेच्या भूकंपानंतरचं ते वर्ष. लोणावळ्याच्या त्या शाळेत हातापायांनी अधू असलेल्या मुलांसाठी एक खोली काढली होती. वागळेबाई त्यासाठी मुंबईहून शिकून आल्या होत्या. त्यांच्या कामाचं इंग्रजी नाव भलतंच लांब होतं. त्यातलं 'थेरपी' एवढंच लोकांच्या तोंडी बसलं आणि बाई थेरपीबाई झाल्या. औषध नाही, सुई नाही. गुंड्या लावणं, मणी ओवणं, चमच्याने खाणं, तांब्यातून पाणी ओतणं. "याचा पगार मिळतुया व्हय?" नंदाबाईने पहिल्याच दिवशी नवऱ्याला विचारलं होतं. "ह्ये तर मी रोज करते तिचं."

"तुम्ही करता," असं बाईंनी एकदा तिला सांगूनही टाकलं. "म्हणून तर तिला करायला मिळत नाही."

झालं. त्या दिवसापासून नंदाबाईच्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो काही शांत होईना.

तिची रतन दहा वर्षांची. जन्मली तेव्हा बराच वेळ रडलीच नव्हती. उजवा हात छातीशी मुडपलेला, डावा थरथरणारा. भिंत धरून पाय ओढत चाले. बोलणं असं, की नवख्याला वाटावं पोर नुसती कण्हते आहे. ते बोलणं साऱ्या भाजे गावात एकट्या नंदाबाईला कळे. सख्ख्या बापालाही लेकीशी बोलायचं तर मध्ये बायको लागे. दत्तोबा रेल्वेत गँगमन. संध्याकाळी दमून आला की ओट्यावर बसून विचारी, "काय म्हनती गं?" मग नंदाबाई जरा थांबून, त्याला ताटकळत ठेवून सांगे, "तुमच्या टोपीला माती लागलीया म्हनती."

गावातल्या बाया तिची कीव करत. करोत बापड्या. रतनचं आपल्यावाचून पान हलत नाही, हे नंदाबाईला पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं तिला दुःख नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या घरी एवढा मान कुणा आईला नव्हता.

आणि आता ही वागळेबाई. आयत्या बिळावर नागोबा! दहा वर्षं पोर कडेवर वाहिली कुणी, गू-मूत काढलं कुणी, आणि कौतुक करून घेणार कोण? मळवली स्टेशनापर्यंत रतनला पाठीवर घेऊन यायचं, गाडीत बसवायचं, लोणावळ्याला उतरवून शाळेपर्यंत न्यायचं, आणि मग दाराबाहेरच्या बाकावर बसून आतलं हसणं ऐकायचं. बाईंचा आवाज येई: "मनगट टेकव आधी. अंगठा बाहेर. अंगठा बाहेर काढ, रतन." मग काहीतरी खाली पडे आणि दोघी हसत. पडलं त्यात हसायचं काय, हे नंदाबाईला कळत नसे. घरी काही पडलं की रतन रडायची.

एकदा रतनला घरी नेताना तिच्या केसांना पावडरीचा वास आला. मुंबईच्या पावडरीचा, वागळेबाईंचा. म्हणजे बाईने हिला जवळ घेतलं होतं. नंदाबाईने त्याच दिवशी शिकेकाई लावून पोरीचं डोकं चांगलं खसाखसा धुतलं. पोर ओरडली तरी सोडलं नाही.

मग रतन घास घेईना. चिंध्या गुंडाळून जाड केलेल्या दांड्याचा चमचा बाईंनी दिला होता; तोच हवा म्हणून तोंड फिरवू लागली. अर्धा भात जमिनीवर, अर्धा फ्रॉकवर. नंदाबाई समोर कालवलेला घास हातात धरून बसे. "माजा हात कडू लागतुया आता," ती म्हणे. दत्तोबाने एकदाच म्हणून बघितलं, "खाऊ दे की तिच्या हातानं." त्यावर ती त्याला असं काही बोलली की त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

पण खरा भडका उडाला तो कडीवरून.

"रतन मोठी होतेय," वागळेबाईंनी दत्तोबाला शाळेत बोलावून सांगितलं. "न्हाणीचं दार तिला स्वतः लावता आलं पाहिजे. एका फळीवर कडी-कोयंडा ठोकून द्या. घरी रोज त्यावर सराव करू दे." दत्तोबाने हौसेने फळी रंधून कडी बसवून दिली. नंदाबाई बघत राहिली. पोरीला आंघोळ घालायची ती. तिच्यासमोर दार लावायचं? दार म्हणजे काय, कुणाला बाहेर ठेवायला असतं?

चारदोन दिवसांत ती फळी चुलीत गेली. पाणी तापवायला लाकूड कमी पडलं, असं तिने नवऱ्याला सांगितलं. कडी राखेतून काढून कोनाड्यात टाकली. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला वाटलं.

खोकला कुठला जातोय! त्याच आठवड्यात भर दुपारी कोंबड्या खुराड्यात कोंडलेल्या सापडू लागल्या. खुराड्याला बाहेरून कडी. नंदाबाईने शेजारच्या नथूला शिव्या दिल्या. तो बिचारा देवाची शपथ घेऊन सांगे की मी नव्हे. मग एकदा तिने रतनच्या डाव्या हाताची बोटं बघितली. पेरांवर खरचटलं होतं आणि नखांत गंज होता. नंदाबाईने पोरीला जवळ ओढलं. बोटांना तेल लावलं, आणि लावताना जरा जास्तच जोरात चोळलं.

एप्रिल संपत आला. शाळेला सुट्टी लागायच्या आधी वागळेबाई रतनला घेऊन खोलीच्या दाराशी आल्या. रतन चौकट धरून उभी होती.

"रतनच्या आई, एक चांगली बातमी आहे. जूनपासून वसतिगृहात मुलींसाठी एक जागा मिळतेय. रतन इथेच राहील, शिकेल. शनिवारी तुमच्याकडे, सोमवारी परत. रतनच्या वडिलांना विचारलंय, ते हो म्हणालेत. पण तुमचं आणि रतनचं म्हणणं हवं."

नंदाबाई बाकावरून उठली. दत्तोबाला विचारलं, म्हणजे आपल्याला शेवटी विचारलं.

बाई वाकल्या. "राहशील का गं इथे?"

रतनची मान एका बाजूला गेली. तोंड वेडंवाकडं झालं, गळ्याच्या शिरा ताठल्या, आणि एकेक शब्द मोठ्या कष्टाने बाहेर आला. बाईंना त्यातलं थोडंच कळलं असावं. नंदाबाईला सगळं लख्ख कळलं. रतन म्हणाली होती, राहीन. शनिवारी आईने घ्यायला यायचं.

"काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

नंदाबाईने पदर खांद्यावर ओढून घेतला. "न्हाई म्हनती. आयेबिगर ऱ्हानार न्हाई म्हनती."

रतनने आईकडे बघितलं. तिला बोलायचं होतं, पण आई खोटं बोलते आहे हे सांगायलाही तिला आईच लागणार होती. ती वळली. भिंत धरून, पाय ओढत, खोलीत गेली. खांद्याने ढकलून दार लोटलं. मग आतून लोखंड खरवडल्याचा आवाज आला.

"रतन?" बाई दाराकडे गेल्या.

"थांबा." नंदाबाईने त्यांचा हात धरला.

कडी उचलली गेली, घसरली, दारावर आपटली. पुन्हा उचलली, पुन्हा घसरली. नंदाबाई श्वास धरून ऐकत होती. दारापलीकडचा तो हात तिला दिसत होता; असा घाईला आला की अंगठा मुठीत शिरतो, हे तिला ठाऊक होतं. आत रडायचा आवाज सुरू झाला. तशी नंदाबाई दाराला तोंड लावून ओरडली, "आंगठा भाईर काड, रतन! आदी मनगट टेकीव दाराला! घाई नगं करूस, बाय!"

आत लोखंड पुन्हा एकदा खरवडलं. मग कोयंड्यात कडी बसल्याचा खट् असा आवाज झाला.

"लागली!" नंदाबाईने बाईंचा दंड गच्च पकडला. "लागली बगा, बाई! माज्या रतननं लावली!" ती हसत होती, डोळे गळत होते, आणि बाईंना सोडत नव्हती.

मग तिचं लक्ष दाराकडे गेलं. दार बंद होतं, आणि ती बाहेर होती. तिने बाईंचा दंड सोडला.

आतून रतनचा आवाज आला. मघाचेच शब्द, तितक्याच कष्टाने.

वागळेबाई नंदाबाईकडे वळल्या. मग हळूच विचारलं, "काय म्हणतेय?"

पोरगी आपली, बोलणं आपल्याला कळणारं, आणि सांगायचं कुणाला, तर या पावडरवालीला. नंदाबाईने नाक पदराला पुसलं. बाईंकडे बघितलं नाही.

"ऱ्हाते म्हनती," ती म्हणाली. "शनवारी घ्यायला ये म्हनती मला."