दोरीसकट वजन

वजनकाट्याचा दांडा पुन्हा खटकन बाहेर आला आणि चीजची पिशवी, कमी भरलेली म्हणून, पट्ट्यावरून खालच्या टबात जाऊन पडली. सकाळपासूनची ती चाळिसावी. कुणी मोजायची गरज नव्हती. काटाच मोजत होता आणि वर लाल दिवा लावून सगळ्या खोलीला सांगत होता.

विस्कॉन्सिनमधल्या या कारखान्यात ताज्या चीजचे खडे पिशव्यांत भरतात. पहाटे केलेला खडा दिवसभरच दाताखाली चिरचिर करतो, मग त्याचं कौतुक संपलं. म्हणून अकराची गाडी चुकवून चालत नाही, आणि दहा तर वाजून गेले होते. पण गाडीपेक्षा वाईट गोष्ट पाळीप्रमुख ड्वेन ह्रुस्काच्या हातात होती. त्याने पुठ्ठ्याला एक कागद लावून आणला होता आणि त्यावर पाहुआ व्हांगचं नाव होतं.

"दोन सोमवार, दोन ताकिदी," तो म्हणाला. "आज तिसरी. तिसरीनंतर घरी बसावं लागतं, पाहुआ. भरणी वाढव आणि मिटव एकदाचं."

"नाही वाढवणार." पाहुआ भरणीच्या यंत्रापाशी हाताची घडी घालून उभी होती. "रविवारी यंत्र धुतात, सोमवारी मी ते वहीतल्या आकड्यावर लावते. तोच आकडा इतकी वर्षं चालला. दोनदा तुझं ऐकून वाढवला, आता नाही. पिशवी बरोबर आहे. एकोणीस वर्षं उचलतेय मी, साहेब. हाताला कळतं."

"हाताला कळतं! मग एवढा काटा कशाला घेतला? तुझा हातच बसवला असता पट्ट्यावर."

"बसवायचा होतास. निदान खटखट तरी केली नसती."

"दुसऱ्या काट्यावर ठेवून बघितली ना मघाची पिशवी? तोही हेच म्हणतो." ड्वेन वळला. "मार्लिस, तू सांग. काटा चुकतोय?"

मार्लिस झास्ट्रो एकसष्ट वर्षांची. कारखान्यातले सगळे काटे तिच्याकडे, आणि त्यांच्याबद्दल तिचा शब्द शेवटचा. "सकाळी सहाला मी स्वतः जुळवलाय," ती म्हणाली. "काटा खोटं बोलत नाही."

पाहुआ तिच्याकडे बघत राहिली. ते बघणं मार्लिसला चांगलंच झोंबलं.

"दहा मिनिटं दे," ती ड्वेनला म्हणाली. "तोवर सही करू नकोस."

तिने पट्टा थांबवला. पट्ट्याखाली चीजचा चुरा अडकलाय का पाहिलं, नव्हता. झाकण काट्याला टेकतंय का म्हणून फटीतून कागद सरकवला. तो सहज निघाला. वरचा पंखा बंद करून वारं थांबवलं. बोल्ट पिळून पाहिले. रिकामा काटा शून्यावर शांत होता. तिने पिशवी ठेवली: चारशे एकोणपन्नास. उचलून पुन्हा ठेवली: चारशे एकोणपन्नास. हवे होते चारशे चोपन्न ग्रॅम. बिघडलेला काटा डळमळतो, आणि हा तर कोर्टातल्या पढवलेल्या साक्षीदारासारखा ठाम होता. म्हणजे पाहुआच चुकली, आणि तिची नोकरी गेली.

राहिलं होतं शेवटचं. तिने खिळ्यावरचं, काटे जुळवायचं पाचशे ग्रॅमचं स्टीलचं वजन काढलं.

त्या वजनाला निळी दोरी होती, दोरीला पत्र्याची पट्टी. मागे एकदा पेनाचं टोपण कुणाच्या पिशवीत निघालं होतं, तेव्हापासून इथे जे जे सुटं ते ते दोरीने बांधतात. भिंतीवर पाटीच आहे, 'सुटं ते बांधा', मार्लिसच्याच अक्षरात. वजन तेवढं राहून गेलं होतं, तेही तिने तीन आठवड्यांपूर्वी बांधून टाकलं.

तिने वजन ठेवलं. बरोबर पाचशे. दोरी सैल होऊन वजनाशेजारी काट्यावरच वेटोळं करून बसली.

मार्लिसने दोन बोटांनी दोरी उचलून धरली. चारशे चौऱ्याण्णव. सोडली. पाचशे.

ड्वेन दारात गाडीवाल्याशी बोलत होता, पाहुआची पाठ होती. खिशात कात्री होती. दोरी कापायची, काटा जुळवायचा, चुरा अडकला होता म्हणायचं. आजचा कागद फाटला असता. आधीचे दोन मात्र पाहुआच्या नावावर जन्मभर राहिले असते. मार्लिसला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"ड्वेन, इकडे ये. पाहुआ, तूही." तिने दोघांसमोर दोरी उचलली, सोडली, पुन्हा उचलली. आकडा खाली गेला, वर आला.

"दर सोमवारी मी दोरीसकट जुळवतेय," ती म्हणाली. "दोन्ही काटे. दोरीचे सहा ग्रॅम पाचशेत धरले गेले, म्हणून भरलेली पिशवी हलकी दिसते. करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्या ताकिदी माझ्या आहेत, हिच्या नाहीत."

ड्वेनने पाटीकडे पाहिलं, मग मार्लिसकडे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्याने हातातला कागद फाडला.

"आधीचे दोन?" मार्लिसने विचारलं.

"काढतो. तसं लिहून दे."

"देते."

तिने दोरी कापली, काटा जुळवला, पट्टा सुरू केला. पिशव्या एकामागून एक गेल्या. दांडा जागचा हलला नाही. अकराची गाडी मिळणार होती.

"माफ कर मला," मार्लिस म्हणाली.

"दोन्ही सोमवारी मी तुझ्याकडे आले होते." पाहुआ टबाकडे वळली. "एकदा उचलून बघ म्हणाले होते. तू काट्याचा आकडा वाचलास आणि निघून गेलीस."

तिने टबातली एक पिशवी काढून पुढे केली. मार्लिसने ती दोन्ही हातांत घेतली. वर-खाली केली, डोळेही मिटून पाहिले. तिला काही कळलं नाही.

"बरोबर आहे?" पाहुआने विचारलं.

मार्लिसने पिशवी तिच्या हातात परत दिली.

"तू सांग," ती म्हणाली.