फुसाएबाईंचं दर वर्षीचं मृत्युपत्र

दोन जानेवारीला सुवा या जपानी गावात नव्या वर्षाचं पहिलं लेखन होतं. मुलंबाळं कुंचल्याने ‘आशा’, ‘नवी पहाट’ असलं गोडगोड लिहितात. कुवाबारा फुसाए त्या दिवशी मृत्युपत्र लिहीत. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं हा नेम चालू होता. वर्षभरात घरात जे बदललं, ते कागदावर बदलायचं. म्हातारा कुत्रा गेला, त्याच्या दूधभाताची ओळ गेली. डोंगराकडची जमीन घेतली, तिची ओळ आली. चार वर्षांपूर्वी थोरला मुलगा तामोत्सु गेला, त्या जानेवारीत मात्र त्यांचा कुंचला तासभर शाईतच बुडून राहिला होता. मग त्यांनी मुलाचं नाव काढून तिथे ‘थोरल्या मुलाची बायको’ असं लिहिलं.

लिहून झालं की त्या जेवणाच्या ताटांवरच कागद मोठ्याने वाचून दाखवत. मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा कारखाना, सत्तावीस जुनी देवदारी पिंपं आणि दुकान सुनेला. डोंगराकडची जमीन आणि बँकेतली ठेव धाकट्या कात्सुहिकोला. कायद्याने त्याला द्यावाच लागतो तेवढा वाटा त्यात होता, पण कात्सुहिको दर वर्षी कुरकुरायचा. त्याला पिंपं फोडून तिथे गाड्यांचा तळ करायचा होता.

या वर्षी तो कुरकुरला नाही. कागद हातात घेतला, खालपर्यंत वाचला आणि हसून म्हणाला, “आई, अक्षर किती सुरेख आहे तुझं.”

फुसाएबाईंच्या मनात पाल चुकचुकली. हा मुलगा आईच्या हातच्या सूपलाही नावं ठेवणारा. त्याने आयुष्यात कधी तिच्या कशाचं कौतुक केलं नव्हतं. आणि आज एकदम अक्षर?

आठवड्याभरात वेळ ठरवून त्या तालुक्याच्या कायदेविषयक कार्यालयात गेल्या. तिथे मृत्युपत्र तपासून जपून ठेवतात. खिडकीतल्या ओगुची नावाच्या मुलीने कागद दोनदा वाचला आणि हलक्या आवाजात सांगितलं, की आजी, हा चालणार नाही. शेवटी ‘जानेवारीचा शुभ दिवस’ असं लिहिलंय. असं लग्नपत्रिकेत शोभतं. मृत्युपत्राला नेमकी तारीख लागते, नाहीतर कागद रद्दी.

“मागची दहाही अशीच आहेत,” फुसाएबाई म्हणाल्या.

“मग दहाही गेली, आजी.”

म्हणजे त्या उद्या गेल्या असत्या, तर सुनेला कायद्याने पै मिळाली नसती. सून वारस नसते, आणि तिला मूलबाळही नव्हतं. बावीस वर्षं पहाटे चारला उठून मिसोसाठी तांदूळ वाफवणाऱ्या बाईला हात हलवत घराबाहेर जावं लागलं असतं, आणि कात्सुहिको हे जाणून हसला होता. फुसाएबाईंना त्याचा राग आला. त्याहून जास्त राग स्वतःचा आला. शुभ दिवस म्हणे!

ओगुचीने आणखी एक गोष्ट सांगितली. सुनेचं नाव, पत्ता आणि जन्मतारीख घातलेली बरी, म्हणजे कोणाला शंका काढायला जागा नको. फुसाएबाईंनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. सुनेची जन्मतारीख त्यांना माहीत नव्हती.

घरी आल्या तेव्हा सून पिंपांवरचे मिसो दाबायचे दगड सरकवत होती. फुसाएबाईंनी एरवीसारखी ‘सूनबाई’ अशी हाक मारली नाही.

“मियोको, तुझा जन्म कधीचा?”

मियोकोचे हात थांबले. “नऊ नोव्हेंबर, आई. का हो?”

“बावीस वर्षांत बावीस वाढदिवस झाले की गं तुझे. आणि मी एकदाही विचारलं नाही.” त्यांना खरंच लाज वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही.

त्या दुपारी कुंचला बाजूला ठेवून त्यांनी साध्या पेनाने सगळं पुन्हा लिहिलं. वर्ष, महिना, दिवस आकड्यांत. कुवाबारा मियोको, पत्ता, जन्मसालासकट नऊ नोव्हेंबर. मग आपल्या नावाचा शिक्का इतका दाबून मारला की खालच्या चटईवर ठसा उमटला.

दुसऱ्यांदा कार्यालयात मियोकोच त्यांना गाडीने घेऊन गेली. ओगुचीने कागद तपासला, मान डोलावली, आणि जमा झाल्याचा दाखला दोन्ही हातांनी पुढे केला. फुसाएबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. अठ्ठ्याहत्तर वर्षांत इतकं हलकं वाटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पायऱ्या उतरताना त्यांनी काठी वापरलीच नाही. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी नागोयाला राहणाऱ्या धाकट्याला फोन लावला.

“कात्सुहिको, मृत्युपत्र जमा केलंय. तारीख घालून.”

 “कोणी सांगितलं तुला?” त्याने विचारलं.

“तूच. पुढच्या वेळी सूपला नावं ठेव, म्हणजे मला संशय येणार नाही.”

फोन ठेवला तेव्हा मियोको हसत होती, आणि तिचे डोळेही भरले होते. गाडी सुरू न करताच ती बोलायला लागली. हायस्कूलमधले संगीताचे हिराबायाशी सर दोन वर्षांपासून तिला लग्नाचं विचारत होते. तिने त्यांना नाही म्हटलं होतं.

“का?”

“कागदावर ‘थोरल्या मुलाची बायको’ असं होतं ना, आई. दुसऱ्याची बायको झाले असते तर पिंपं कोणाची?”

फुसाएबाईंना तेव्हा कुठे उमगलं. आपण प्रेमाने लिहिलेल्या एका ओळीने या पोरीला दोन वर्षं बांधून ठेवलं होतं. त्यांनी मियोकोचा मिसोने खरखरीत झालेला हात धरला.

“आता कागदावर तू आहेस. कर लग्न,” त्या म्हणाल्या. “पण लवकर कर. आडनाव बदललं की मला सगळं पुन्हा लिहायला बसायचंय.”