ढिल्या पट्ट्याची समाधी

आमच्या पिंप्राळ्याच्या घरात दुपारी दोन वाजता दोन गोष्टी घडत. माझा धाकटा दीर निंबा आणि त्याचा दोस्त लोटन पुढच्या खोलीत वाजवायला बसत, आणि माझी दहा महिन्यांची ठमी मधल्या खोलीतल्या झोळीत झोपून जाई. दुसरी गोष्ट पहिलीमुळे घडते, हे घरात फक्त मला कळलं होतं. मी ते कुणाला सांगत नव्हते. चांगली गोष्ट सांगितली की तिला नजर लागते असं नाही. तिच्यासाठी चहा टाकावा लागतो.

माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष लग्नात राहून गेलं होतं. बाहेरून परीक्षेला बसायची परवानगी सासूबाईंनी, म्हणजे सुंदरबाईंनी, एकदाच दिली होती. "यंदा सुटनी ते सुटनी. नही ते ती पुस्तकं रद्दीमा." परीक्षा एप्रिलात. हे पाइपच्या कंपनीत सहापर्यंत, सासूबाई दुपारी गल्लीत ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, घालायला. ठमी झोपली तर एक तास माझा आणि अर्थशास्त्राचा. पण ठमी झोपत नसे. मांडीवर नाही, खांद्यावर नाही, अंगाईला तर ती माझं तोंडच दाबून धरी. झोपे ती फक्त निंबा-लोटनच्या वाजवण्याला.

ते वाजवणं म्हणजे काय, हे सांगायला हवं. निंबाकडे जाड तारांची बेस गिटार होती. लोटनकडे होता त्याच्या धुळ्याच्या चुडामणमामांच्या बँडपार्टीनं टाकून दिलेला मोठा ड्रम आणि काठाला तडा गेलेली झांज. आवाज मोठा करायला गणेश मंडळाचा जुना अ‍ॅम्प्लिफायर. गाणारं कुणी नाही. दोघांनी आपलं नाव ठेवलं होतं 'ब्लॅक कॉटन'. काळे टी-शर्ट जळगावात मनासारखे मिळेनात म्हणून पांढरे बनियन रंगाऱ्याकडून काळे करून आणले. घाम आला की मानेवर काळे ओघळ. त्यांच्या विलायती कॅसेटच्या वेष्टणावरचे गोरे काय ओढत असतील ते ओढोत, आमच्या या दोघांची मजल बिडीपर्यंतच गेली होती, आणि तीही लोटनला ठसका लावी.

आधी निंबा एकच सूर छेडी. तो सूर म्हशीसारखा खोलीत येऊन बसे आणि उठायचं नाव काढत नसे. खिडकीच्या काचा गुणगुणत. मग बऱ्याच वेळानं, आपण विसरून गेल्यावर, लोटन एकदा ड्रमवर टिपरू मारी. धम्म. मग पुन्हा तोच सूर. फडताळातली पितळी भांडी अंगावर काटा आल्यासारखी शहारत. तिसऱ्या धम्मला ठमीची मूठ सुटे, चौथ्याला मी पुस्तक उघडी.

हे सगळं ते शिकले होते पुण्याच्या एका मित्रानं दिलेल्या एकुलत्या एका कॅसेटवरून, आणि ती कॅसेट वाजे माझ्या टेपरेकॉर्डरवर. माझ्या, म्हणजे साक्रीहून माझ्या वडिलांनी लग्नात दिलेल्या. त्याच्या आतला रबरी पट्टा ढिला होता. मला ते लग्नानंतर महिन्याभरातच कळलं. आमच्या लग्नाची कॅसेट लावली तर त्यात मी घेतलेला उखाणा कुणा दाढीवाल्या पैलवानानं घेतल्यासारखा ऐकू आला. यांना म्हटलं तर म्हणाले, "त्या दिवशी तुझा घसा बसला असेल."

निंबानं त्या विलायती कॅसेटवरचा प्रत्येक सूर जसा ऐकला तसा, निम्म्या चालीनं, घोटून घोटून बसवला होता. सिनेमाची गाणी त्या मशीनवर रडतात हे त्यालाही जाणवे, पण तो म्हणे, "लोकल कॅसेटी आहेत वहिनी." मी हो म्हणे. ठमी झोपत होती.

फेब्रुवारीत एका दुपारी अभिमन आप्पा दारात उभे राहिले. निवृत्त तलाठी, आणि निवृत्तीनंतर अध्यात्माचे. मी घाबरले, आवाज बंद करायला सांगतील म्हणून. आप्पांनी डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. उघडले तेव्हा ओले होते.

"पोरांनो," ते म्हणाले, "हे तुम्हाला कुणी दिलं?"

"कॅसेटवरून बसवलं आप्पा," निंबा म्हणाला.

"कॅसेट निमित्त. हा अनाहत नाद आहे."

लोटननं हळूच निंबाला विचारलं, "म्हणजे बंद करायचं का?"

बंद करायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आप्पा सहाजणांना घेऊन आले, तिसऱ्या दिवशी चौदा. सासूबाईंच्या बिबड्या बंद पडल्या. आजवर ज्या पोराला त्या "कामना ना धामना" म्हणत होत्या, त्याच्या शेजारी त्या आता डोक्यावर पदर घेऊन बसू लागल्या. नाद ऐकून माणसं आत आत जात होती असं म्हणतात. मला ती फक्त बाहेर येताना दिसत, आणि बाहेर आली की त्यांना चहा लागे.

"सूनबाई, आप्पांच्या कपात साखर थोडी वरून," आप्पांबरोबर येणाऱ्या इंदिराबाई ओट्याशी येऊन सांगत. "समाधीतून उतरल्यावर गोड लागतं त्यांना."

"आणि तुम्हाला?"

"मलाही. पण मी अजून समाधीच्या अलीकडे आहे, अर्धा चमचा चालेल."

ज्यांना देहाचं भान उरलं नव्हतं त्यांना कप कानतुटका आहे एवढं बरोबर कळे. ठमी तिकडे झोळीत गाढ, आणि मी इकडे स्टोला पिन मारत. माझा तास माझ्या डोळ्यांदेखत वाफ होऊन जाई. पुस्तक दहाव्या प्रकरणावर उघडं पडून होतं आणि त्यावर आल्याची साल वाळत होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आप्पांनी धुळ्याचा कार्यक्रम ठरवला. एका मंगल कार्यालयात त्यांच्या गुरुबंधूंचा मेळावा. पत्रकं छापून आली : 'नादयोगी श्री निंबानाथ व श्री लोटनानंद यांची नादसमाधी'. निंबानं पत्रक उलटंसुलटं केलं. "ब्लॅक कॉटन कुठंय?"

"कापूस सोड आता," आप्पा म्हणाले. "तू त्याच्या पलीकडे गेलास."

त्याच दिवशी आप्पांनी स्वतःच्या प्रवचनाची कॅसेट आणली. धुळ्यात त्यांच्या शिष्यानं भरली होती. "जाण्यापूर्वी साधकांनी ऐकावी," म्हणाले. निंबानं ती माझ्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली.

आप्पांचा आवाज तसा नाकातला, बारीक. मशीनमधून जो आला तो विहिरीत पडलेल्या रेड्याचा होता. "सा... ध... क... हो..." एकेका अक्षरात माझं एकेक भांडं विसळून होत होतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. इंदिराबाई पदरानं नाक पुसत होत्या. आणि आप्पा? आप्पा थक्क होऊन स्वतःला ऐकत होते.

"इतका गंभीर आवाज आहे माझा," ते पुटपुटले. "आयुष्यभर कुणी सांगितलं नाही."

मी दारात उभी होते. एका हातात किटली, कडेवर माणसांच्या गर्दीनं जागी झालेली ठमी. परीक्षेला चाळीस दिवस. तोंडातून निघून गेलं, "आप्पा, मशीनचा पट्टा ढिला आहे."

सासूबाईच आधी सावरल्या. "माहेरनी वस्तू शे तुनी. अशीच ऱ्हाई ती."

निंबा टेपरेकॉर्डर काखेत मारून रिक्षा स्टॉपजवळच्या रेडिओवाल्याकडे गेला. तासाभरात परत आला. नवा पट्टा. जुना माझ्या हातात दिला, वळवटातल्या शेवयीसारखा लोंबत होता. आप्पांची कॅसेट लावली. साधक हो म्हणेपर्यंत चार वाक्यं होऊन गेली. आवाज शेळीच्या करडाचा. आप्पांनी चपला घातल्या. मागोमाग समाधी उठली आणि घरी गेली. चहा किटलीत तसाच राहिला.

मग निंबानं आपली कॅसेट लावली. दोन माणसांच्या मागे पिसाळलेलं कुत्रं लागावं तसं काहीतरी खोलीभर धावलं. लोटन ड्रमवर टेकून ऐकत राहिला. दीड वर्ष जे त्यानं देवासारखं जपलं होतं ते त्याच्या समोरून निघून गेलं आणि त्याला नंबरसुद्धा दिसला नाही.

"वहिनी," निंबा म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो, भाऊजी."

"केव्हापासून?"

"माझ्या उखाण्यापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"ठमी झोपत होती."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता गिटारीची तार पुसत बसला.

धुळ्याचं रद्द होईना. पत्रकं वाटून झालेली, आणि आप्पांना गुरुबंधूंपुढे पट्ट्याचं नाव काढायचं नव्हतं. दोघांनी ठरवलं, खरं आहे तसं, वेगानं वाजवायचं. रोज दुपारी घरात पत्र्यावर गारा पडल्यासारखं सुरू झालं. ठमी पहिल्या ठोक्याला किंचाळे ती संध्याकाळी हे येईपर्यंत. खरं बोलून मी चहातून सुटले होते आणि झोपेला मुकले होते. दहावं प्रकरण तिथंच.

धुळ्याला आम्ही एस.टी.नं गेलो. सासूबाईंना योग्याची आई म्हणून पुढे बसायचं होतं, आणि ठमीला ठेवणार कुठे म्हणून मी. लंगोटांच्या पिशवीत तळाशी मी पुस्तक घातलं. कशाला, ते मलाही सांगता आलं नसतं. पारोळ्याला लोटनला उलटी झाली.

मंगल कार्यालयात दीडशे माणसं जेवून बसली होती. वरण, बट्टी, वांग्याची भाजी. वर मार्चची दुपार. आप्पांनी घसा जमेल तेवढा खाली उतरवून प्रस्तावना केली. मग दोघांनी सुरू केलं, वेगानं.

पहिल्याच मिनिटाला लोटनचं टिपरू हातातून उडून हार घातलेल्या फोटोला लागलं. निंबाची बोटं एकमेकांच्या पायात अडकत होती. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, वरात कोठे शे?" हशा झाला. दोन पोरं रुमाल फिरवून नाचायलाच उठली. आप्पा छताकडे बघत होते. आणि पहिल्या रांगेत माझ्या मांडीवर ठमीनं असा टाहो फोडला की हशाही थांबला.

निंबानं वर पाहिलं. लोकांकडे नाही, ठमीकडे. तिचं लालभडक तोंड, आवळलेल्या मुठी. त्यानं तारेवर तळहात ठेवला. सगळं थांबलं. लोटननं त्याच्याकडे पाहिलं. निंबानं मान हलवली, आणि तो जुना सूर सोडला. म्हैस आली आणि बसली.

बऱ्याच वेळानं, धम्म.

मंडपातल्या लोखंडी खुर्च्या गुणगुणू लागल्या. छातीच्या आत कुणी हात ठेवावा तसं झालं. मी थट्टा करत असते, पण तेव्हा मलाही, देवाशपथ, क्षणभर वाटलं की आपण कुठेतरी खोल, गार जागी उतरलो आहोत आणि तिथं कुणी आपल्याला हाक मारणार नाही. पट्टा ढिला असेल, पण दीड वर्ष घोटलेलं होतं ते या दोघांनीच. तिसऱ्या धम्मला ठमीची मूठ सुटली. चौथ्याला सासूबाईंची मान पडली. सहाव्याला बट्टीनं आपलं काम केलं. दीडशे माणसं तोंडं उघडी टाकून झोपली. आप्पा व्यासपीठावर लोडाला टेकून घोरत होते, आणि ते घोरणं मात्र खरोखर गंभीर होतं.

मी पुस्तक काढलं. दहावं प्रकरण : प्रच्छन्न बेकारी. कामावर दहा माणसं दिसतात, पण त्यातली सहा उठून गेली तरी काही बिघडत नाही. समोर बघितलं आणि जे महिनाभर डोक्यात शिरत नव्हतं ते एका वाचनात शिरलं. अकरावंही वाचून काढलं.

पाऊण तासानं वाजवणं थांबलं तेव्हा माणसं जागी झाली, हनुवट्या पुसल्या, एकमेकांकडे पाहिलं. झोपलो होतो असं दीडशेपैकी एकानंही कबूल केलं नाही. "कुठे होतो कळलंच नाही," एकजण म्हणाला. आप्पा उठून माइकपाशी आले, चेहऱ्यावर लोडाची वळी.

"बंधूंनो, या नादाचा लाभ एका दिवसाचा नको. सोमवारपासून पिंप्राळ्याच्या घरी रोज दुपारी दोन वाजता बसायचं. धुळ्याहून येणाऱ्यांचीही सोय होईल."

सोय. मी मनातल्या मनात कप मांडले. निंबा माझ्याकडे बघत होता. मांडीवरचं उघडं पुस्तकही त्यानं पाहिलं असावं. त्यानं आप्पांच्या हातून माइक घेतला. आयुष्यात पहिल्यांदा बोलला असेल इतक्या लोकांत.

"एक नियम आहे. ही साधना निर्जळी असते. आधी नाही, मध्ये नाही, नंतर नाही. चहा नाही, पाणी नाही."

"सुपारीसुद्धा नाही," लोटन म्हणाला. "बिडीपण नाही."

आप्पांना काही म्हणायचं होतं, पण अध्यात्मात माघार घेता येत नाही.

सोमवारी चौघं आले. इंदिराबाईंचे डोळे मिटलेले होते, पण तोंड सतत स्वयंपाकघराच्या दाराकडे. ते मी आतून लावून घेतलं होतं. मंगळवारी एकटे आप्पा. अर्ध्या तासानं त्यांचा बारीक आवाज आला, "निंबा, कोमट पाणी तरी?" उत्तरादाखल फक्त, धम्म. बुधवारी कुणी नाही. सासूबाई बिबड्यांच्या पिठाचं पातेलं काढून गल्लीत गेल्या. जाताना सगळ्यांच्या नावानं म्हणाल्या, "बठ्ठा लोक चहाना भुक्या!" जणू कप त्यांनीच विसळले होते.

दोनला निंबा मधल्या दारात आला. "वहिनी, तो जुना पट्टा कुठे ठेवलाय?"

"मिसळणाच्या डब्यात. का?"

"घालून ठेवतो. नव्यावर ऐकवत नाही."

त्यानं स्क्रू काढून पट्टा बदलला, हळदीचा लागलेला हात बनियनला पुसला आणि पुढच्या खोलीत गेला. सूर आला. फडताळ शहारलं. ठमी झोळीतून एक पाय बाहेर टाकून छताकडे बघत होती. तिसऱ्या धम्मला पाय आत गेला.

पुस्तकात तेरा प्रकरणं उरली होती. दुपारी उरल्या होत्या सव्वीस.