पांढरी चिठ्ठी

डॉक्टर लाफॉनांच्या तोंडून ‘त्रियाज’, म्हणजे निवड, हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसूच आलं. फ्रान्सच्या दक्षिणेला आमच्या माझामे गावात चौदा वर्षं मी तेच तर करत होतो, लोकरीचं. मऊ इकडे, जाडीभरडी तिकडे, कुजकी खाली. १९१६च्या मार्चात आघाडीमागच्या एका शाळेच्या अंगणात माणसं निवडायची होती, एवढाच फरक. डॉक्टर जखम बघून बोलायचे, मी कोटाच्या गुंडीला चिठ्ठी बांधायचो. लाल म्हणजे लगेच टेबलावर. निळी म्हणजे थांबू शकतो. पांढरी म्हणजे दुखणं थांबवायचं इंजेक्शन द्या आणि शाळेमागच्या गोठ्यात निजवा, हात लावून उपयोग नाही.

जो जास्त ओरडतो तो आधी, असं तिथे नसतं. ओरडायला दम आहे म्हणजे थांबायलाही आहे. "तोंडं बघत बसू नका, चिठ्ठी बघा," असं स्ट्रेचरवाल्यांना मीच दटावायचो. तोंड बघितलं की पाय अडखळतो, आणि मागे चाळीस जण आडवे असतात.

एका सकाळी बार्तेलेमीला आणला. गावी लोकरीच्या शेडमध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी असायची. मांडी फुटलेली, वर पट्टा आवळलेला.

"लाल," डॉक्टर म्हणाले. "तासाभरात टेबलावर घ्या, नाहीतर गेला."

"फिर्मँ, नीट निवड रे मला," बार्तेलेमी कुडकुडत म्हणाला. "कुजक्यात टाकशील, लेका!"

"तू जाडाभरडाच आहेस. गप पड."

मी त्याच्या कोटाला लाल चिठ्ठी बांधली. कोट रक्ताने चिंब झाला होता. शेजारी पोटात तोफगोळ्याचा तुकडा घुसलेला ब्रेतान्यचा एक सार्जंट पडला होता, अंगावर पांघरलेल्या कोटाला पांढरी चिठ्ठी.

"माझा कोट द्या त्याला," सार्जंट म्हणाला. "मला आता कशाला?"

मी त्याचा कोरडा कोट बार्तेलेमीला पांघरला आणि बार्तेलेमीचा ओला काढून सार्जंटच्या उशाला दिला. तेवढ्यात फाटकात नवी गाडी आली, मी पळालो. कोटांबरोबर चिठ्ठ्याही गेल्या, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

दोन तासांनी डॉक्टर हात पुसत बाहेर आले.

"फिर्मँ, त्या सार्जंटला लाल कोणी लावली? तुकडा आतड्याला लागलाच नव्हता. जगेल तो. माझाच अंदाज चुकला होता बघा!"

मी गोठ्याकडे धावलो. बार्तेलेमी त्या कोरड्या कोटाखाली गार पडला होता. इंजेक्शन देऊन नीट निजवलेला. स्ट्रेचरवाल्यांनी तोंड बघितलं नव्हतं, शिकवलं तसंच केलं होतं.

त्या दिवसापासून मी चिठ्ठी मनगटाला बांधायला लागलो. डॉक्टर म्हणाले, चांगली युक्ती आहे.

युद्ध संपलं, मी परत लोकरीत आलो. दर नव्या वर्षाला ब्रेतान्यहून सार्जंटचं पत्र येतं, सोबत लोण्याच्या बिस्किटांचा डबा. ‘तुम्ही मला निवडलंत, जन्मभर विसरणार नाही,’ असं लिहितो. मला ते पत्र वाचवत नाही. डबा न उघडता तसाच बार्तेलेमीच्या बायकोला, लेओनीला, नेऊन देतो.

यंदाही तिने डबा उघडून एक बिस्किट तोंडात टाकलं.

"मोठा दिलदार माणूस दिसतोय हो, फिर्मँभाऊजी. न चुकता पाठवतो. कोण हा?"

"लढाईतला ओळखीचा," मी म्हणालो.

"आमच्या ह्यांना ओळखत होता का?"

"थोडा वेळ शेजारी होते," मी म्हणालो आणि टोपी उचलली.