चकतीखालचा चुना

सकाळी सात वाजता शिवकन्येने वडिलांच्या तळपायाची, अंगठ्याखालची पट्टी सोडली, तेव्हा जखमेवरची औषधी चकती भिजल्या साबुदाण्यासारखी फुगलेली होती आणि कडेने लाल ओघळ आले होते. रक्त नव्हतं. हा लाल रंग कुंकवासारखा होता — हळदीला चुना लागला की येतो तो.

तिने चकती चिमट्याने उचलली. खाली पांढरा लेप, आणि लेपाखालचं मांस शिजल्यासारखं. इंद्रभान भिंतीला टेकून चहा पीत होते, अगदी स्वस्थ. साखरेने त्यांच्या पायाची जाणीव कधीच खाऊन टाकली होती, चुना रात्रभर भाजत राहिला तरी त्यांना कळलं नव्हतं.

राग आधी आईवर गेला. रागाला तिथली वाट माहीत होती... चार वर्षं संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत उभं राहून ही चकती केली — चांगल्या कातडीची चव किंचित आंबट असते, जखम चिघळली की ती चुन्याच्या बाजूला सरकते, तेवढं ओळखून चकती फुगते आणि पोटातलं औषध सोडते, गरजेपुरतं, थोडं थोडं — आणि इथे, जुन्या जालन्यातल्या या भाड्याच्या खोलीत, पानाच्या डबीतला चुना बोटाने लिंपून चार वर्षांचा निकाल लावायचा. मेंढरं समजलीत का माणसाला? हे ती मोठ्याने बोलली.

गोपिकाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"मेंढराच्या खुरीला लावलाय मी जलमभर. पण तुझ्या त्या काचेवानी चकतीला मी हात लावत न्हाई, माय. तुझ्या बापाला इचार."

शिवकन्या वळली. इंद्रभानांनी कप खाली ठेवला.

"मी लावला. तूच म्हणल्तीस ना, जखम चुन्याकडं गेली की औषध सुटतं? मंग म्हणलं, ती कधी बिघडायची आन कधी सुटायचं. जल्दी सुटू द्यावं. हळद टाकून बघितलं, बराबर लाल झाली."

गोरक्षनाथकाका शहागडजवळ मेंढरं घेऊन थांबला होता, वाडा, मेंढरांचा तळ, हलवायची वेळ आली होती, आणि आबांना, तिच्या वडिलांना, कळपामागे चालत जायचं होतं. एवढंच.

रविवारी तिने स्टीलच्या ताटलीत हळद घेऊन त्यांना दाखवलं होतं. चुन्याचं पाणी टाकलं, हळद लाल झाली. आई म्हणाली होती, एवढं शिकली आन कुंकू करायला लागली. तिघंही हसली होती. तसलाच खेळ तिने परिषदेतही केला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्रयोगशाळेतले सर म्हणाले, विज्ञान असं सोपं करून सांगता आलं पाहिजे. सोपं! त्या टाळ्यांचा तिला आता इतका संताप आला की हातातला चिमटा ताटलीवर आपटला... चुना लावू नका, हे एक वाक्य त्या सोपेपणात कुठेच नव्हतं. आणि मी कुणावर ओरडू? आबांनी माझं ऐकलं होतं. पहिल्यांदाच कुणीतरी माझं बोलणं शेवटपर्यंत नीट ऐकलं होतं, आणि त्यावर पुढचा विचारही केला होता.

जखम धुऊन, पट्टी बांधून, दोघं दवाखान्यात जायला निघाली. रिक्षात धान्याच्या दुकानांपुढच्या गर्दीत अडकून पडली असताना इंद्रभानांनी हळूच विचारलं, औषध सुटलं का न्हाई?

"सुटलं, आबा. सगळंच सुटलं."

"मंग बराबर," ते म्हणाले आणि बाहेर बघत बसले.

ती दातांवर दात दाबून बसली. राग होता, पण त्याला आता तोंड नव्हतं — तो छातीत नुसता गोल फिरत होता.

डॉक्टर तरुण होते, चकतीच्या चाचणीत तेही होते. जखम पाहून त्यांचा चेहरा उतरला. "कोणी सांगितलं हो तुम्हाला चुना लावायला?"

इंद्रभानांनी मुलीकडे पाहिलं. क्षणभरच. मग मान खाली घातली आणि तिने त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या अडाणी, मऊ आवाजात म्हणाले, "कोणी न्हाई, साहेब. आमच्यात लावतेत."

डॉक्टर शिवकन्येकडे बघून किंचित हसले — आपल्यातलं हसू, शिकलेल्याने शिकलेल्याला द्यायचं. "मॅडम, घरच्यांना समजावत जा जरा."

त्या हसण्याला उत्तर म्हणून तिच्या ओठांचीही हालचाल झाली. तिला ती स्वतःला जाणवली, सवयीची, सभ्य. मी सांगितलं होतं. एवढे तीनच शब्द डॉक्टरांना सांगायचे होते. आबा तिच्याकडे बघत नव्हते. त्यांनी शर्टाची कड बोटांत घट्ट धरली होती, लपवलेलं कुणी बाहेर काढू नये म्हणून धरावी तशी.

डॉक्टरांनी जखमेत सळई घातली. ती आत कडक हाडाला लागून थांबली.

अंगठा काढावा लागेल, ते म्हणाले. पाऊल राहतं की नाही, ते एक्स-रे आल्यावर. दुपारी एक वाजेपर्यंत एक्स-रे आलेला नव्हता.