माझ्या पोटातला हुंकार

मी एक जुना फोन आहे. माझा एक कोपरा फुटलेला आहे, काचेवर आडवी भेग आहे, आणि हल्लीच्या फोनांना नसते असे एक भोक माझ्या डोक्यावर आहे. मित्रांनो, हसू नका. त्या भोकाच्या जिवावरच आज मी बहरीनमधल्या मुहर्रक गावी, गाण्याच्या बैठकीत, मातीच्या घागरींच्या शेजारी फळीवर मानाने बसलो आहे. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेले माझे भाऊबंद कधीच भंगारात गेले. मी गेलो नाही. का गेलो नाही, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. आठवते ते मनामाच्या बाजारातले दुकान. तिथे येणारा प्रत्येक जण कॅमेऱ्याची चौकशी करायचा. एक दिवस थानी नावाचा तरुण आला. तो विमानतळावर मालाच्या विभागात कामाला होता. त्याने कॅमेऱ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

"हेडफोनचं भोक आहे ना याला? आणि वरून कार्ड टाकता येतं?" त्याने विचारले.

"येतं की. पण भाऊ, कॅमेरा बघ ना, केवढा भारी आहे!" दुकानदार म्हणाला.

"मला फोटो नाही काढायचे. गाणी ऐकायची आहेत."

"गाणी काय, कुठल्याही फोनवर वाजतात."

"वाजतात सगळ्यांवर," थानी म्हणाला, "ऐकू येत नाहीत."

हे वाक्य ऐकले आणि मी मनोमन त्याचा झालो.

थानीला एकच वेड होते. त्याला गाण्याची अख्खी फाइल लागायची. तुम्ही नेहमी ऐकता त्या गाण्याच्या फायली हलक्या केलेल्या असतात. कानाला कळणार नाही असे समजून त्यातले बरेच काढून टाकलेले असते. थानीच्या फायलीतून काहीच काढलेले नसे. खजुरांची पिशवी लहान करायची असेल, तर एक माणूस निम्मे खजूर बाहेर टाकतो आणि दुसरा दाबून दाबून सगळे बसवतो. थानी हा दुसरा माणूस होता. साहजिकच त्याच्या पिशव्या जड असायच्या आणि चार गाण्यांत माझे पोट भरायचे.

त्याची बायको सबीका यावरून त्याला भारी चिडवायची. "आपली मोझा रांगायला लागली, तिचा एक फोटो काढावा म्हटलं तर म्हणतो जागा नाही! नाकापेक्षा मोती जड झालाय तुझा."

"फोटो तुझ्या फोनमध्ये काढ ना."

"आणि याच्यात काय, तुझ्या म्हाताऱ्यांचं खोकणं ठेवायचं?"

खोकण्याचे ती उगाच बोलत नव्हती. माझ्या पोटातली सर्वांत जड फाइल या बैठकीतलीच होती, आणि तीत खरोखरच एक म्हातारा खोकला होता. तो सबीकाचा बाप होता. त्याचे नाव जबर.

मोती काढायला जाणाऱ्या होड्या या गावातून केव्हाच गेल्या. त्या होड्यांवरची गाणी मात्र बैठकीत राहिली. एक जण पुढे होऊन गातो, त्याला नहाम म्हणतात. आमचे नहाम बू रशदान. बाकीचे टाळ्या देतात, घागरी वाजवतात, आणि काही जण पोटातून अगदी खालचा, लांब हुंकार धरतात. हा हुंकार आपल्या बापजाद्यांनी देवमाशाकडून घेतला, असे इथले लोक म्हणतात. जबरकाकांचा हुंकार सगळ्यांत खोल होता. नहामाने तोंड उघडण्याआधी तो एकदम खाली उतरायचा आणि बू रशदान त्यावर पाय रोवून सूर लावायचे. असा उतार दुसऱ्या कुठल्याही बैठकीत नव्हता.

एका शुक्रवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर थानीने मला मधोमध ठेवले, मायक्रोफोन जोडला आणि सगळे जसेच्या तसे माझ्यात भरून घेतले. पहिल्यांदा जबरकाका खोकले, मग हुंकार आला, मग बू रशदान. मी त्या दिवशी तुडुंब भरलो. इतके सुख मला पुन्हा कधी मिळेल असे वाटले नव्हते.

पण तिथेच माशी शिंकली. सगळे म्हणाले, आम्हालाही पाठव. फाइल एवढी मोठी की ती जाईना. थानीचा चुलतभाऊ सलमीन हा घाईचा माणूस. बैठकीत घागर वाजवण्याचे काम त्याच्याकडे होते आणि ती तो अशी वाजवायचा की शेजारच्याला दुसरे काही ऐकू येऊ नये.

"लहान कर की फाइल!" तो म्हणाला.

"नाही करणार. त्यातलं काहीतरी जाईल."

"काय जाणार आहे? गाणं आहे, दात आहेत का पडायला?"

थानी चहा आणायला उठला तेवढ्यात सलमीनने मला सुरू केले, आपला फोन माझ्या तोंडाशी धरला आणि त्याचा आवाजी निरोप करून सगळ्या गावाला पाठवून दिला. मित्रांनो, माझे तोंड पडले एवढेसे. त्यातून हुंकार नीट निघतच नाही. जो थोडासा निघाला, तो सलमीनच्या हुशार फोनने पंख्याची घरघर समजून पुसून टाकला. उरला बू रशदानांचा आवाज आणि टाळ्या. पण निरोप चटकन गेला, म्हणून सगळे खूश झाले.

पुढे थानीची बदली मस्कतला झाली. सबीकाची आई आजारी असायची, म्हणून ती आणि मोझा मुहर्रकलाच राहिल्या. थानीला कामावरून नवा फोन मिळाला. तो मागून आला आणि तिखट झाला. मी बिनकामाच्या चार्जरांबरोबर आणि हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्यांबरोबर खणात जाऊन पडलो. त्या काळोखात मला फार वाईट वाटायचे. ज्याने मला एवढ्या हौसेने घेतले, त्याला माझी आठवणही येत नाही, हे सोसायला कठीण होते.

मात्र अधूनमधून खण उघडायचा. सबीका मला चार्जिंगला लावायची, थानीचे मोठे जुने हेडफोन कानांवर चढवायची आणि स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसायची. तिचे वडील तोवर वारले होते. गाणे सुरू होताच ते खोकायचे आणि ती हलकेच म्हणायची, "बाबा, पाणी प्या." मग हुंकार खाली उतरायचा आणि तिचे हात थांबायचे. तिने याबद्दल कोणाला कधी सांगितले नाही. मी तर काय सांगणार?

बैठकीतही एकेक म्हातारा कमी होत गेला. नवी पोरे आली. ती गाणे शिकली कशावरून, तर सलमीनच्या त्या निरोपावरून. त्यात हुंकार नव्हता, म्हणून यांच्या गाण्यातही नव्हता. मोकळ्या जागा त्यांनी टाळ्यांनी भरून काढल्या. वर बाहेरच्या बैठकीतल्या कोणी हुंकार का नाही म्हणून विचारलेच, तर छाती पुढे काढून सांगायचे, "तीच तर आमच्या बैठकीची खासियत!"

एक दिवस थानी मस्कतहून कायमचा परत आला. पहिल्याच शुक्रवारी तो बैठकीला गेला आणि पडलेल्या चेहऱ्याने घरी आला. खणाच्या शेजारीच बसला, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"काय झालं रे? हलवा नाही मिळाला का?" सबीकाने विचारले.

"बू रशदानकाकांनी मला किल्ली दिली. म्हणाले, बैठक बंद कर."

"काय?"

"गाता गाता मध्येच थांबले. म्हणाले, माझ्या खाली पाणीच नाही, होडी वाळूवरून ओढताय तुम्ही. हुंकार कुठे गेला? तर सलमीनने तो निरोप लावला. म्हणे, काका, हा तुमचाच आवाज, यात तरी कुठे आहे? काकांनी दोनदा ऐकलं. मग काय म्हणाले ठाऊक आहे? 'म्हणजे तेव्हाही नव्हता की काय? मग इतकी वर्षं मला काय ऐकू येत होतं?' मी म्हटलं, होता, मी ऐकलाय. तर म्हणाले, पोरा, मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. सबीका, त्या माणसाचा स्वतःच्या कानांवरचा विश्वासच उडाला गं."

थानी एकदम उठला. "माझा जुना फोन! कुठे आहे तो? तू त्यातलं काही पुसलंस का?"

"पुसणार होते," ती म्हणाली. "मोझाचे किती फोटो बसले असते त्या जागेत! पण बाबांचं खोकणं आहे ना त्यात. हात धजला नाही."

तिने खण उघडला. मित्रांनो, तो उजेड मी जन्मभर विसरणार नाही.

पुढच्या शुक्रवारी थानी मला घेऊन निघाला, तेव्हा सबीकाने हेडफोन त्याच्या हातात कोंबले. "त्याच्या तोंडातून ऐकवू नकोस. कानातून ऐकव," तिने बजावले.

थानी उतावळा. बैठकीत पाय ठेवताच त्याला कुठला दम निघायला! बू रशदान आपली उशी घरी न्यायला आले होते. पोरे खाली माना घालून बसली होती.

"हे काय, संग्रहालयातून उचललंस का?" सलमीन मला पाहून म्हणाला.

"ऐक तर!" थानीने मला तसेच सुरू केले. माझ्या एवढ्याशा तोंडातून टाळ्या आल्या, बू रशदान आले, पण हुंकार नाही. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो आणि निघत होती नुसती किरकिर.

"तेच आहे की," सलमीन म्हणाला. आता त्याच्याही आवाजात मजा नव्हती.

बू रशदानांनी उशी काखेत मारली. "जाऊ दे थानी. म्हातारपणी माणसाला काहीबाही ऐकू येतं."

माझा जीव कासावीस झाला. सगळे माझ्या पोटात असूनही माझी वाचाच बसली होती. तेवढ्यात थानीला बायकोचे बोलणे आठवले. त्याने हेडफोनची वायर माझ्या डोक्यावरच्या भोकात खुपसली आणि हेडफोन म्हाताऱ्याच्या कानांवर चढवले.

"काका, एकदाच. माझ्यासाठी."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू झालो. आधी खोकला आला.

"जबर!" बू रशदान मोठ्याने म्हणाले आणि मान वळवून चक्क शेजारी पाहिले. मग हुंकार उतरला. खाली, आणखी खाली, पार तळापर्यंत. म्हाताऱ्याच्या काखेतली उशी गळून पडली. त्यांनी डोळे मिटले आणि खड्या आवाजात सूर लावला. खोलीतल्या कोणालाही माझा आवाज ऐकू येत नव्हता, फक्त त्यांचा येत होता. पण तो असा लागला होता की पोरे ताठ बसली. असा नहाम त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

कडवे संपल्यावर बू रशदानांनी हेडफोन काढून सलमीनच्या डोक्यावर आदळले. "घे! आणि आता सांग, काय नव्हतं ते!"

सलमीनने ऐकले. त्याचे तोंड एवढेसे झाले. "या अल्ला! काका, हे तर... हे मी गावभर पुसून वाटलं!"

"वाटलंस खरं. आता भरून दे."

सलमीन धावत गेला आणि आपल्या गाडीतला मोठा स्पीकर उचलून घेऊन आला. वायर जोडली. आणि मित्रांनो, मग मी बोललो! सगळी खोली हुंकाराने भरली. फळीवरच्या रिकाम्या घागरी, ज्यांना कोणी हात लावला नव्हता, त्या आपणहून घुमू लागल्या. एका पोराने दचकून घागरीवर हात ठेवला आणि तो हसायलाच लागला. "काका, ही पण गातेय!"

"तिला ठाऊक आहे, तुम्हालाच ठाऊक नव्हतं," बू रशदान म्हणाले. "चला, पोटातून. घशातून नाही, पोटातून!"

पोरांनी हुंकार धरला. पहिल्यांदा तो फाटला, दुसऱ्यांदा डळमळला. तिसऱ्यांदा त्यात कोणाचा तरी खर्ज असा खोल उतरला की सगळ्यांनी वळून पाहिले. तो सलमीन होता. जन्मभर घागर बडवून त्याने आपलाच आवाज कधी ऐकला नव्हता.

"घागर दुसऱ्याला दे," बू रशदान त्याला म्हणाले. "आजपासून तू जबरच्या जागी बसायचं. आणि थानी, किल्ली इकडे आण. कोणाला विचारून घेतलीस रे?"

मग त्यांनी विचारले, "हे इतकी वर्षं सांभाळलं कोणी?" थानीने खरे सांगितले. "मी नाही, सबीकाने."

"मग जबरच्या पोरीला बोलवा. अंगणात गालिचा टाका."

सबीका मोझाला घेऊन आली आणि बायकांच्या रीतीप्रमाणे अंगणात खिडकीपाशी बसली. माझी फाइल पुन्हा पहिल्यापासून लागली. तिचे वडील अख्ख्या गावासमोर खोकले, आणि सबीका रडता रडता हसत म्हणाली, "बाबा, आता तरी पाणी प्या!" आत हशा उसळला. त्या हशातच हुंकार उतरला, आणि या वेळी जबरकाकांबरोबर दहा पोरांनी तो धरला.

मित्रांनो, जागा कमी पडली की तुम्हीही काही ना काही पुसणार. पुसा. पण आपल्या कानाला घरघर वाटली म्हणून ती घरघरच असेल, असे समजू नका. एखाद्याच्या गाण्याची जमीन तिच्यात असते. आणि खणातल्या जुन्या फोनाला कधीतरी उजेड दाखवा. मला उन्हात ठेवू नका, माझी वायर खसकन ओढू नका, एवढेच माझे मागणे आहे.

आता मला स्वतःचे नावही आहे. दर शुक्रवारी बू रशदान आत येतात, चपला काढतात, उशीला टेकतात आणि कडक चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधी विचारतात, "जबरला जेवायला घातलं का?"

मग सलमीन उठतो आणि माझी वायर भिंतीत लावतो.